खेळाडूच्या घरची माहिती शोधताना दर वेळी तीच चूक का होते?

आमच्या शाळेच्या क्रीडा-सप्ताहासाठी दर डिसेंबरात मी खेळाडूंची ओळखपत्रकं लिहितो. एका पानात जन्म, गाव, आईवडील, कोणामुळे खेळाकडे वळले आणि मोठी कामगिरी एवढंच असतं. एका वर्षी सुनील गावसकरांच्या पत्रकावर मी ‘काका माधव मंत्री यांच्याकडून प्रेरणा’ असं लिहिलं. इंग्रजी पानावर ‘अंकल’ होतं, त्याचं मी ‘काका’ केलं. पत्रक भिंतीवर लागलं आणि दुसऱ्याच दिवशी आठवीतल्या एका मुलीने विचारलं, “सर, काका असतील तर आडनाव मंत्री कसं?”

तिचं बरोबर होतं. माधव मंत्री हे गावसकरांचे मामा, त्यांच्या आई मीनल यांचे भाऊ. ते स्वतः भारताकडून चार कसोटी खेळले होते. पत्रक उतरवून मी दुसरं लिहिलं. पण त्यानंतर जुनी पत्रकं काढून तपासली तेव्हा लक्षात आलं की ही एकच चूक नव्हती. नात्यांच्या, नावांच्या आणि गावांच्या त्याच त्या चुका मी वेगवेगळ्या खेळाडूंच्या बाबतीत करत आलो होतो. त्या कुठे होतात आणि त्यांवर काय उपाय लागू पडले, ते इथे सविस्तर लिहितो. क्रीडा-शिक्षक, व्यायामशाळांच्या स्मरणिका काढणारे आणि विकिपीडियावर मराठी नोंदी लिहिणारे यांना उपयोग व्हावा.

नात्याचा शब्द इंग्रजीतून आलाय का, हे आधी पाहा

निम्म्याहून जास्त घोटाळे इथेच होतात. आपल्याकडे मामा, काका, मावशीचे यजमान आणि आत्याचे यजमान ही चार वेगळी माणसं. इंग्रजीत ती सगळी ‘अंकल’. ‘कझिन’ म्हटलं की चुलत, मामे, मावस, आते यांपैकी कोण ते कळायला मार्ग नाही. ‘ब्रदर-इन-लॉ’ म्हणजे बायकोचा भाऊ, बहिणीचा नवरा, दीर किंवा साडू यांतला कोणीही. गुंडाप्पा विश्वनाथ हे गावसकरांचे ‘ब्रदर-इन-लॉ’ असं सगळीकडे दिसतं. गावसकरांची बहीण कविता विश्वनाथांना दिली, हे कळेपर्यंत मला वाटत होतं की गावसकरांची सासुरवाडी कर्नाटकात आहे.

यावर माझा पहिला उपाय त्या मुलीनेच शिकवला: नातं आणि आडनाव ताडून पाहायचं. वडिलांचा भाऊ असेल तर आडनाव तेच हवं. ते वेगळं असेल तर ‘काका’ हा शब्द लगेच बाद. उदाहरणार्थ, यष्टिरक्षक दत्ताराम हिंदळेकर हे विजय मांजरेकरांचे ‘अंकल’ आणि संजय मांजरेकरांचे ‘ग्रँड-अंकल’ म्हणून नोंदलेले दिसतात. आडनावांवरून एवढं नक्की होतं की ते विजयरावांच्या वडिलांचे भाऊ नव्हेत. तेवढ्यावर मी ‘मामा’ लिहून मोकळा होत नाही, कारण मावशीचे यजमान ही शक्यता उरतेच. मराठी मजकुरात नात्याचा नेमका शब्द हाती लागेपर्यंत ‘नात्यातले वडीलधारे’ असं लिहून थांबतो. वाचणाऱ्याला त्यातून चुकीचं काही कळत नाही.

दुसरा उपाय म्हणजे शोध मराठीत घ्यायचा, तोही नेमका शब्द देऊन. आडनाव देवनागरीत आणि पुढे ‘मामा’, ‘चुलते’, ‘मेहुणे’, ‘भाचा’, ‘पुतण्या’ असे शब्द एकेक करून घालून पाहा. लेखनातली रूपं बदलत राहा. गावसकर आणि गावस्कर, तेंडुलकर आणि तेंडूलकर, हजारे आणि हझारे. गूगलला ही रूपं एकच वाटतील याची खात्री नसते. मराठी वर्तमानपत्रांतल्या आठवणींच्या लेखांमध्ये नातं सहसा बिनचूक असतं, कारण लिहिणाऱ्याला मराठीत ‘अंकल’ लिहिण्याची सोयच नसते.

‘हाफ-ब्रदर’ या शब्दाबद्दल थोडं जास्त लिहितो. सचिन तेंडुलकरांचे वडील कवी-प्राध्यापक रमेश तेंडुलकर. नितीन, सविता आणि अजित ही त्यांच्या पहिल्या पत्नीची मुलं, आणि सचिन हा रजनी तेंडुलकरांचा मुलगा. यंत्राने केलेल्या भाषांतरात अजित ‘सावत्र भाऊ’ होतो. कागदावर ते चूक नाही. पण मराठीत ‘सावत्र’ शब्दाला जो कडवटपणा चिकटलेला आहे तो ह्या घराशी मुळीच जुळत नाही. सचिनला रमाकांत आचरेकरांकडे नेणारा, त्याच्या खेळासाठी स्वतःचा खेळ बाजूला ठेवणारा तो भाऊ आहे. मी ‘थोरले बंधू अजित’ असं लिहितो, आणि घरातली रचना सांगणं गरजेचं असेल तिथे ‘रमेशरावांच्या पहिल्या पत्नीची मुलं’ असं सरळ वाक्य लिहितो.

नाव वाचता आलं तर निम्मं घर सापडतं

मराठी नाव तीन पायऱ्यांचं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. त्यामुळे पूर्ण नाव मिळालं की वडील आपोआप मिळतात. खाशाबा दादासाहेब जाधव, सुनील मनोहर गावसकर, दिलीप नारायण सरदेसाई. क्रिकेटपटूंची पूर्ण नावं ईएसपीएन क्रिकइन्फोच्या खेळाडू-पानावर असतात, ऑलिंपिकपटूंची ऑलिम्पीडियावर. शोधाची सुरुवात ह्या दोन ठिकाणांहून करावी. एकाच आडनावावरून समाज किंवा धर्म ठरवणाऱ्यांना विजय सॅम्युअल हजारे हे नाव पूर्ण वाचायला लावावं. सांगलीच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातला, शाळामास्तरांच्या आठ मुलांपैकी एक असा हा मुलगा. अर्धं घर मधल्या नावातच उघड होतं.

अडचण होते ती आद्याक्षरांपाशी. के. डी. जाधव यात ‘के’ म्हणजे खाशाबा आणि ‘डी’ म्हणजे वडील दादासाहेब. हाच नियम सगळीकडे लावला की फसायला होतं. पी. बाळू, पी. शिवराम, पी. गणपत आणि पी. विठ्ठल हे शंभर वर्षांपूर्वीच्या हिंदू संघातले (तेव्हा मुंबईत धर्मवार क्रिकेट संघ खेळायचे, त्यांतला एक) चार खेळाडू. जुन्या धावफलकांवर ते असेच दिसतात. इथे ‘पी’ हे वडिलांचं नाव नाही, ते आडनाव आहे. पालवण गावावरून पालवणकर. चौघे सख्खे भाऊ. शोधयंत्राला मात्र ‘बाळू’ हे आडनाव वाटतं, ‘विठ्ठल’ हे दुसरं आडनाव, आणि चार भावांची चार वेगळी घराणी होऊन बसतात. बाळूंवर शोध घेताना ‘पालवणकर बाळू’, ‘बाळू पालवणकर’ आणि ‘पी. बाळू’ हे तिन्ही प्रकार अवतरणचिन्हांत घालून वेगवेगळे शोधावे लागतात. तिन्हींचे निकाल वेगळे येतात.

याच प्रकारचा दुसरा गोंधळ आमच्या भागात होतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय मल्लांत दोन ‘के. डी.’ होते. एक के. डी. जाधव, ज्यांनी ५७ किलो गटात कांस्यपदक आणलं. दुसरे कोल्हापूरचे के. डी. माणगावे, जे त्यांच्या वरच्या वजनगटात चौथे आले. इंग्रजी स्पेलिंगवरून माणगाव्यांचं नाव ‘मंगवे’, ‘मनगावे’ असं काहीही परत येतं. नुसतं ‘के. डी. हेलसिंकी कुस्ती’ असं शोधलं तर दोघांच्या गोष्टी एकमेकांत मिसळलेली पानंही भेटतात. त्यामुळे वजनगट घालून शोधायची सवय लावून घ्या.

महाराष्ट्राबाहेर गेलात की आद्याक्षरांचे नियम पुन्हा बदलतात. पी. व्ही. सिंधू यात ‘पी’ म्हणजे पुसर्ला हे घराण्याचं नाव. वडील पी. व्ही. रमणा व्हॉलीबॉलपटू, १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत कांस्य जिंकणाऱ्या संघातले. पी. टी. उषा यात पिलावुल्लकंडी तेक्केपरंबिल हे घराचं नाव. विश्वनाथन आनंद यात आनंद हे स्वतःचं, विश्वनाथन हे वडिलांचं. आनंदच्या मुलाचं आडनाव ‘विश्वनाथन’ धरून शोधत बसाल तर वेळ फुकट जाईल. आडनाव हा धागाच नसलेलं सर्वांत मोठं उदाहरण हॉकीत आहे: ध्यानचंद, त्यांचे धाकटे भाऊ रूपसिंग, आणि ध्यानचंदांचा मुलगा अशोककुमार, ज्याच्या गोलने १९७५ चा विश्वचषक भारताला मिळाला. एका घरातले तिघे जागतिक दर्जाचे हॉकीपटू, पण आडनावावरून शोधलं तर तिघांतला एकही दुसऱ्याला जोडला जात नाही.

‘दादासाहेब’, ‘नानासाहेब’, ‘बापूराव’, ‘अण्णा’, ‘तात्या’ ही नावं आली की मी एकदा थांबतो. हे कागदावरचं नाव असू शकतं, तसंच घरात रूढ झालेलं हाकेचं नावही असू शकतं. शाळेच्या दाखल्यावर एक आणि गावाच्या तोंडी दुसरं, असं आपल्याकडे सर्रास असतं. एकाच माणसाचे वडील दोन ठिकाणी दोन नावांनी दिसले तर एक नोंद खोटी, असा निष्कर्ष घाईने काढू नका.

बाईचं नाव अर्ध्यावर हरवतं तेव्हा

महिला खेळाडूच्या बाबतीत शोध अचानक तुटतो. एका वर्षापर्यंत बातम्या मिळतात, मग काहीच नाही, किंवा उलट एका वर्षाच्या आधीचं काहीच सापडत नाही. कारण बहुतेक वेळा लग्न हेच असतं. अंजली भागवत हे नाव घालून २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकचे तेव्हाचे निकाल शोधलेत तर हात रिकामे राहतील, कारण अंतिम फेरीत पोचलेली ती नेमबाज तेव्हा अंजली वेदपाठक होती. लग्न त्याच वर्षाअखेर झालं. धावपटू कविता राऊत पुढे कविता तुंगार झाली. टेनिसपटू निरुपमा मांकड लग्नाआधी निरुपमा वसंत होत्या. सासरच्या नावाने शोधलं की विनू मांकड, अशोक मांकड आणि मुलगा हर्ष असं क्रिकेट आणि टेनिसचं अख्खं घराणं समोर येतं, आणि त्या स्वतः ज्या घरात टेनिस शिकल्या ते माहेर दिसतच नाही.

म्हणून स्त्री खेळाडूसाठी मी दोन रकाने करतो, माहेरचं नाव आणि सासरचं नाव, आणि लग्नाचं वर्ष मध्ये लिहितो. त्या वर्षाआधीच्या स्पर्धा पहिल्या नावाने, नंतरच्या दुसऱ्या नावाने. काही काळ दोन्ही आडनावं जोडून छापलेली असतात, त्या बातम्या फार मोलाच्या, कारण दोन्ही टोकं जोडणारा पुरावा तिथे असतो.

पुरुष खेळाडूंच्या आईची गोष्ट याहून अवघड. वडील मल्ल होते, हे दहा ठिकाणी लिहिलेलं असतं. आईला मात्र ‘आई गृहिणी’ या दोन शब्दांत संपवतात, कित्येकदा नावही देत नाहीत. याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्या घरातून मूल पहाटे चारला तालमीत जातं, त्या घरात त्याच्या आधी कोण उठतं ते सगळ्यांना माहीत असतं. पत्रकात आईचं नाव आल्याशिवाय मी ते भिंतीवर लावत नाही, असा नियमच केलाय.

तालमीतली नाती ही रक्ताची नव्हेत

कुस्तीच्या बाबतीत एक खास अडचण येते आणि ती इंग्रजी जाणकाराच्या लक्षातही येत नाही. ‘अमुक वस्तादांचा पठ्ठा’ म्हणजे शिष्य. ‘गुरुबंधू’ म्हणजे एकाच वस्तादांच्या हाताखाली तयार झालेले दोघे. यंत्राच्या भाषांतरात पठ्ठा ‘मुलगा’ आणि गुरुबंधू ‘भाऊ’ होतो. मग तेच भाषांतर कोणीतरी परत मराठीत आणतं आणि दोन वेगळ्या गावांतले मल्ल सख्खे भाऊ ठरतात. निवेदकाच्या तोंडचं ‘अमक्या घराण्याचा वारसदार’ हेही अनेकदा तालमीचं घराणं असतं.

किताबांचाही असाच त्रास. हिंदकेसरी, महाराष्ट्रकेसरी हे नावाआधी इतकं घट्ट बसतं की शोधयंत्र त्याला नावाचा भाग धरतं. श्रीपती खंचनाळे, मारुती माने यांच्याबद्दल शोधताना किताब काढून आणि गाव घालून शोधा: खंचनाळे एकसंबा, माने कवठेपिरान. त्याने निकाल एकदम स्वच्छ होतात.

गाव बरोबर, जिल्हा चूक

खाशाबा जाधवांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचा. शिक्षण आधी कराडच्या टिळक हायस्कुलात, मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. त्यामुळे ते कुठे कराडचे, कुठे साताऱ्याचे, तर कुठे कोल्हापूरचे म्हणून भेटतात. तिन्हींत तथ्य आहे, पण घराचा शोध घ्यायचा असेल तर गोळेश्वर हाच शब्द हवा. घरच्या माणसांच्या मुलाखती गावाच्या नावाने नोंदल्या जातात.

जुन्या माणसांच्या बाबतीत प्रशासकीय सीमा बदललेल्या असतात. मुरलीकांत पेटकर हे १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमधले सुवर्णपदक विजेते. जन्म १९४४ चा, पेठ इस्लामपूरचा. तेव्हा सांगली जिल्हा अस्तित्वात नव्हता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली ठेवलं गेलं. म्हणजे त्या भागातल्या जुन्या कागदावर ‘सातारा’ दिसलं तर माणूस दुसरा आहे असं समजू नका. २०२५ मध्ये इस्लामपूरचं नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय झाल्यापासून नव्या बातम्यांसाठी तेही नाव घालून बघावं लागतं.

जुन्या इंग्रजी कागदांवर ‘बॉम्बे’ दिसलं की ते शहरच असेल असं नाही, तो मुंबई इलाखा म्हणजे ब्रिटिश काळातला अख्खा प्रांतही असू शकतो. त्या इलाख्यात धारवाड आणि बेळगावही होतं. पालवणकर बाळूंचा जन्म धारवाडचा सांगतात. आजच्या नकाशावर कर्नाटक दिसतं म्हणून त्यांना मराठी यादीतून वगळणारं पान मी पाहिलंय. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावलेले फडेप्पा चौगुले बेळगावचे, त्यांच्याबाबतीतही हेच होतं. त्याच अँटवर्पला गेलेल्या मल्लांपैकी रणधीर शिंदे परदेशी नोंदींत ‘शिंदेस’ असे छापले गेलेत, शेवटी एक जास्तीचा ‘एस’ जोडून. मराठी आडनाव घालून हा माणूस सापडतच नाही. आडनावाच्या टोकाशी एखादं अक्षर कमी-जास्त करून पाहण्याची सवय मला त्यांच्यामुळे लागली. जाधवांचं आडनावही ‘एच’ गाळून शोधून बघा.

गोव्याच्या खेळाडूंसाठी ही सवय आणखी वाढवावी लागते. मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई किंवा त्यांच्या पिढीतले इतर गोवेकर यांच्या घराण्याचे पोर्तुगीज काळातले कागद शोधायचे तर आडनावाचं पोर्तुगीज रूप हवं. ‘देसाई’त दोन ‘एस’ येतात, काकोडकर ‘सी’ने सुरू होतं, शेणवीचं सिनाय, प्रभूचं पोरोबो आणि कामतचं कामोतीं होतं. सरदेसाई हे मूळ वतनाचं नाव. गावाच्या नावावरून आलेलं ते आडनाव नव्हे, त्यामुळे एका आडनावाची सगळी घरं नात्यातली धरू नयेत.

दहा पानं सांगतात, म्हणजे एकच सांगतं

आता सर्वांत जास्त वेळ खाणारी अडचण. खेळाडूने पदक जिंकलं की चोवीस तासांत ‘उंची, वजन, एकूण संपत्ती, पत्नी, जात’ अशा ठरलेल्या रकान्यांची पानं उगवतात. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या संध्याकाळपर्यंत त्याच्या घराबद्दलची शेकडो पानं तयार झाली होती, आणि खाशाबांबद्दलचीही तितकीच. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी, वडील शिक्षक, आई गावची सरपंच एवढं सगळीकडे बरोबर होतं, कारण पत्रकार थेट घरी पोचले होते. त्यापलीकडे जे काही भरलेलं होतं, त्यातलं बरंचसं एकमेकांवरून उतरवलेलं होतं.

ताडून पाहायची माझी रीत अशी. संशयास्पद वाक्यातले सहा-सात शब्द जसेच्या तसे अवतरणचिन्हांत घालून शोधायचे. तेच वाक्य दहा ठिकाणी दिसलं तर ते दहा पुरावे नव्हेत, एकाच्या नऊ नकला आहेत. मग त्यांतली सर्वांत जुनी तारीख कोणती ते पाहायचं. यासाठी शोधाच्या शेवटी इंग्रजीत ‘बिफोर’ हा शब्द, लगेच विसर्गासारखे दोन ठिपके, आणि मध्ये जागा न सोडता वर्ष लिहा. त्या वर्षाआधीचेच निकाल येतील. पेटकरांच्या बाबतीत हा उपाय अत्यावश्यक आहे. त्यांच्या आयुष्यावरचा हिंदी चित्रपट २०२४ साली आला, आणि त्यानंतरच्या पानांत चित्रपटातलं घर, भाऊ, गावकरी हे खऱ्या घराच्या जागी येऊन बसले. २०२४ च्या आधीचं वाचलं की खरे पेटकर भेटतात: १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला सैनिक, जो पोहायला लागला आणि ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदकापर्यंत गेला.

विकिपीडियावरच्या नोंदीसाठी ‘इतिहास पाहा’ ही कळ आहे, तिच्याकडे फार कमी लोक बघतात. घरच्या माहितीचं वाक्य नोंदीत कोणत्या तारखेला घातलं गेलं ते तिथे दिसतं. त्या वाक्याखाली ज्या बातमीचा दाखला आहे ती बातमी त्या तारखेनंतरची असेल, तर बातमीदाराने विकिपीडियावरून उचललं आणि विकिपीडियाने बातमीवरून, असं वर्तुळ झालेलं असण्याची शक्यता मोठी. असं वाक्य मी वापरत नाही. पान नाहीसं झालं असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याचा पत्ता टाकून जुनी प्रत मिळते का पाहा.

हल्ली निकालांच्या डोक्यावर यंत्राने लिहिलेलं तयार उत्तर येतं. ते वाचायला सोपं असतं आणि म्हणूनच घातक. वरच्या सगळ्या चुका त्यात एका परिच्छेदात गुंफलेल्या असू शकतात: ‘अंकल’चे काका, तालमीतले भाऊ, चित्रपटातलं घर. त्या उत्तराखालची मूळ पानं उघडा आणि वाक्य तिथे खरोखर आहे का ते बघा. अनेकदा नसतं.

जुन्या खेळाडूंसाठी परदेशी संग्रह आपल्यापेक्षा समृद्ध आहेत, हे मान्य करायला हवं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ट्रोव्ह हा वृत्तपत्रसंग्रह फुकट आहे. १९४७-४८ च्या दौऱ्यातल्या भारतीय खेळाडूंबद्दल, ॲडलेडला हजाऱ्यांनी दोन्ही डावांत शतकं केली तेव्हाच्या बातम्यांसकट, तिथे भरपूर वाचायला मिळतं. न्यूझीलंडचा पेपर्स पास्ट तसाच. ध्यानचंदांचे संघ तिकडे १९२६ आणि १९३५ ला गेले होते. ऑलिंपिकचे अधिकृत अहवाल एलए ८४ या संस्थेच्या ग्रंथालयात पीडीएफ रूपात आहेत. घरची माहिती त्यांत नसते, पण नाव त्या काळी नेमकं कसं लिहिलं गेलं ते कळतं, आणि पुढचा शोध त्यावरच चालतो.

कुठे थांबायचं

२०१६ ला रिओत सिंधूने रौप्य जिंकलं तेव्हा तिची जात कोणती हे देशात मोठ्या प्रमाणावर शोधलं गेलं, अशा बातम्या आल्या होत्या. आजही एखाद्या खेळाडूचं नाव टाईप केलं की सूचनांमध्ये ‘जात’ खाली येतेच. विद्यार्थ्यांच्या पत्रकात तो रकाना मी ठेवत नाही, आणि कोणी मागितला तरी देत नाही.

पण बाळू पालवणकरांचं पत्रक लिहिताना जात टाळणं हा खोटेपणा ठरेल. चर्मकार समाजातल्या ह्या गोलंदाजाने पुण्यातल्या क्लबात महिन्याला तीन-चार रुपयांवर मैदानाची देखभाल करत सुरुवात केली. त्याच्या चेंडूंवर संघ सामने जिंकायचा, आणि चहाच्या वेळी त्याला वेगळ्या, टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्याला मिळालं नाही. ते १९२३ ला धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. इथे जात हा त्या घराच्या लढ्याचा भाग आहे, आणि माणसं हयात नाहीत, गोष्ट सार्वजनिक आहे. मी स्वतःला विचारतो तो प्रश्न एवढाच: ही माहिती नसली तर खेळाडूची गोष्ट कळणार नाही का? बाळूंच्या बाबतीत उत्तर ‘नाही कळणार’ असं आहे. आजच्या वीस वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ते तसं नाही.

हयात खेळाडूंची लहान भावंडं, मुलं, घरचा पत्ता, आईवडिलांचे आजार, कर्ज, घटस्फोट हे सापडलं तरी मी उतरवून घेत नाही. खेळाडूने स्वतः मुलाखतीत जे सांगितलं तेवढंच. वडिलांनी जमीन विकली, असं तिसऱ्याच कोणीतरी लिहिलं असेल तर ते खेळाडूच्या तोंडून ऐकल्याशिवाय भिंतीवर जात नाही. गरिबीची गोष्ट वाचकाला आवडते म्हणून ती वाढवून सांगण्याचा मोह फार मोठा असतो.

एवढं करूनही सापडलं नाही तर

तर संगणक बंद करून गावाकडे वळायचं. मी साधं पोस्टकार्ड किंवा फोन वापरतो. खेळाडूची शाळा, तालीम किंवा ग्रामपंचायत यांपैकी जे जवळचं असेल तिथे. फोनवर “तुमच्या गावच्या अमुक खेळाडूंची माहिती पाहिजे” असं मोघम विचारलं की पदकांची यादी मिळते, जी आपल्याकडे आधीच असते. त्याऐवजी हाताशी असलेलं वाचून दाखवायचं आणि चूक दाखवायला सांगायचं. “वडील अमुक, भाऊ पाच, हे थोरले की धाकटे?” असं विचारलं की समोरचा माणूस खुलतो. चूक दुरुस्त करायला लोकांना आवडतं, आणि त्या ओघात तो आणखी चार गोष्टी सांगून जातो. सांगणाऱ्याचं त्या घराशी नातं काय, तेही लिहून ठेवायचं. भावकीतला माणूस आणि तालमीतला माणूस एकच गोष्ट वेगळी सांगतात.

फोन ठेवण्याआधी दोन प्रश्न मी विसरत नाही: आईचं नाव काय आणि तिचं माहेर कुठलं. गावसकरांच्या पत्रकावर ते दोन्ही आधी लिहिलं असतं, तर मामाला काका करायची वेळच आली नसती. आता त्या पत्रकावर ‘आई मीनल, मामा माधव मंत्री’ असं आहे, आणि प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला पुढच्या वर्षी मी पत्रकं तपासायच्या कामाला घेतलं.